जन्माआधीचा आत्मा आणि तारण : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : यिर्मयाच्या पहिल्याच अध्यायात देव म्हणतो, ‘गर्भाशयात घडवण्यापूर्वीच मी तुला ओळखत होतो.’ म्हणजे यिर्मयाचा आत्मा आधीपासून होताच ना?

उत्तर : नाही. त्या वचनात (1:5) ओळखणारा देव, वेगळं काढणारा देव आणि संदेष्टा नेमणाराही देवच. यिर्मया तिथे काही करत नाही, त्याला काही आठवतही नाही. पुढे जे होणार ते देवाला आधीच ठाऊक असतं, एवढंच त्यातून निघतं. जगाच्या स्थापनेपूर्वी आपली निवड झाली, हे इफिसकरांस पत्रातलं (1:4) वचनही असंच वाचावं. आता योहान 17:5 बघा. जग होण्यापूर्वी पित्याजवळ आपल्याला जे गौरव होतं त्याबद्दल येशू स्वतः बोलतो. असं अस्तित्व मुख्य प्रवाहातल्या सगळ्या ख्रिस्ती मंडळ्या फक्त पुत्राचं मानतात. ‘जन्मापूर्वी’ म्हणणारं वचन समोर आलं की त्यात आधी कर्ता कोण ते शोधावं, निम्मा गोंधळ तिथेच मिटतो.

प्रश्न : ओरिजेनसारखा विद्वान आत्म्याचं पूर्वास्तित्व, म्हणजे आत्मा जन्माआधीपासूनच असतो असं, शिकवत होता, मग मंडळीने ते का नाकारलं? 553 सालच्या कॉन्स्टँटिनोपलच्या धर्मपरिषदेने पुनर्जन्माची वचनं बायबलमधून काढून टाकली, हे खरं का?

उत्तर : दुसरा भाग आधी निकालात काढू. ते खरं नाही. सिनाय आणि व्हॅटिकन या नावांनी ओळखल्या जाणाऱ्या बायबलच्या हस्तलिखित प्रती चौथ्या शतकातल्या, म्हणजे परिषदेच्या जवळजवळ दोनशे वर्षं आधीच्या आहेत. आजची शुभवर्तमानं त्यांच्याशी ताडून पाहता येतात, पुनर्जन्माची गाळलेली शिकवण त्यांत कुठेही सापडत नाही. स्वतः ओरिजेननेही बाप्तिस्मा करणारा योहान म्हणजे पुन्हा जन्मलेला एलीया, हा अर्थ मत्तयावरच्या भाष्यात खोडून काढला आहे.

आता ओरिजेन. तिसऱ्या शतकातला अलेक्झांड्रियाचा हा शिक्षक ज्या प्रश्नाशी झुंजत होता तो प्रश्न अस्सल होता. एक मूल धडधाकट जन्मतं, एक आंधळं, मग देव न्यायी कसा? काही पंथ सांगत होते की आत्म्यांच्या जातीच मुळात वेगळ्या, किंवा हे जग घडवणारा देवच हलक्या दर्जाचा. दोन्ही मतं ओरिजेनला असह्य होती. म्हणून त्याने मांडलं की सगळे आत्मे आरंभी सारखेच होते, देवाच्या सान्निध्यात होते. आपापल्या इच्छेने ते कमी-अधिक ढळले आणि ढळले तसे देवदूत, माणूस, दुरात्मे झाले. शेवटी सगळे पुन्हा देवाकडे परततील, अशी त्याची आशा होती.

पण हे रोमकरांस पत्राच्या नवव्या अध्यायावर अडतं. याकोब आणि एसाव जन्मले नव्हते, त्यांनी बरंवाईट काहीच केलं नव्हतं, तेव्हाच निवड झाली, असं पौल सांगतो (9:11). ओरिजेनने यामागे आधीच्या अवस्थेतली पात्रता धरली. पौलाचा सगळा जोर मात्र पात्रता नव्हती यावरच आहे. पात्रता आत घुसली की कृपेची मजुरी होते. योहान 9 मध्येही तेच. पाप कोणी केलं, या आंधळ्याने की त्याच्या आईबापांनी, असं शिष्य विचारतात आणि येशू दोन्ही पर्याय बाजूला सारतो.

याहून मोठी अडचण शरीराची. आत्मा ढळला म्हणून देहात आला, असं मानलं तर देह हा परिणाम ठरतो आणि तारण म्हणजे त्यातून सुटका. ख्रिस्ती श्रद्धा तर देहाच्या पुनरुत्थानावर उभी आहे. शिवाय एकदा स्वेच्छेने ढळलेला आत्मा परतल्यावर पुन्हा ढळणार नाही कशावरून? तारण कायमचं की तात्पुरतं, याचं उत्तरच मग देता येत नाही. आमच्या मते हाच या मांडणीवरचा सगळ्यात जड आक्षेप. सम्राट जस्टिनियनने 543 मध्ये या शिकवणीविरुद्ध फर्मान काढलं. 553 च्या कॉन्स्टँटिनोपल परिषदेच्या नावावर जे 15 निषेध आहेत, त्यांतला पहिलाच पूर्वास्तित्व आणि त्यामागून येणारं सर्वांचं पुनःस्थापन यांच्यावर आहे.

पुढे 1830 मध्ये स्थापन झालेल्या मॉर्मन पंथाने पूर्वास्तित्व मानलं, पण त्यांच्याकडे देहात येणं ही शिक्षा नसून प्रगतीची पायरी आहे. दोन्ही मतं एकाच पेटीत टाकू नयेत.

प्रश्न : मग आत्मा येतो कुठून? आणि नवजात बाळावर पापाची छाया कशी?

उत्तर : दोन उत्तरं आहेत. तेर्तुलियन म्हणे, देहासारखा आत्माही आईबापांकडूनच येतो. लूथरचा कल याच बाजूला होता. यात आदामाचं पाप पिढ्यांतून कसं उतरतं ते सहज समजतं, पण आत्म्याचे तुकडे पडतात का, हा पेच उरतो. दुसरं मत जेरोम, थॉमस अक्वायनस आणि कॅल्विन यांचं : प्रत्येक आत्मा देव थेट निर्माण करतो. कॅथलिक मंडळीची अधिकृत शिकवण हीच. इथे अडचण उलटी, देवाने शुद्ध घडवलेला आत्मा कलंकित कसा होतो? ऑगस्टीनने 415 मध्ये जेरोमला पत्र लिहून नेमकं हेच विचारलं आणि अखेरपर्यंत निर्णय दिला नाही. कॅथलिक उत्तर असं की मूळ पाप बाळाने ‘केलेलं’ नसतं. आदामाला लाभलेलं पावित्र्य त्याला वारशात मिळत नाही, ती उणीव म्हणजे मूळ पाप.

प्रश्न : तारण विश्वासाने की कृतींनी?

उत्तर : सुरुवात कृपेने, यावर कॅथलिक आणि प्रॉटेस्टंट दोघांचं एकमत आहे. 31 ऑक्टोबर 1999 रोजी कॅथलिक आणि लूथरन मंडळ्यांनी तसं संयुक्त घोषणापत्रच केलं. मतभेद पुढे आहे : प्रॉटेस्टंट सत्कृत्यांना विश्वासाचं फळ म्हणतात, तर कॅथलिकांच्या मते त्या कृपेला माणसाने दिलेली साथ तारणाच्या वाटचालीचाच भाग असते.

प्रश्न : बाळ अत्यवस्थ आहे, धर्मगुरू वेळेत पोहोचू शकत नाहीत. बाप्तिस्मा कोण देऊ शकतं?

उत्तर : कॅथलिक नियमानुसार अशा वेळी कोणीही, अगदी बाप्तिस्मा न झालेली व्यक्तीसुद्धा. मंडळी जे करते तेच करण्याचा हेतू मात्र हवा. साधं स्वच्छ पाणी बाळाच्या डोक्यावर तीनदा ओतावं आणि ओतताना म्हणावं, ‘मी तुला पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा यांच्या नावाने बाप्तिस्मा देतो.’ पाणी त्वचेवरून वाहायला हवं, नुसतं बोट ओलं करून टेकवणं पुरत नाही. शब्द बोलणारा आणि पाणी ओतणारा एकच असावा. घाईत तिन्ही नावं न घेणं किंवा पाण्याऐवजी तेल वापरणं, या दोन चुकांनी विधी अवैध ठरतो. बाळ वाचलं तर धर्मगुरूंना कळवून नोंद करून घ्यावी. विधी नीट झाला असेल तर बाप्तिस्मा पुन्हा देत नाहीत, फक्त राहिलेले विधी पूर्ण करतात. बाप्तिस्म्याआधीच बाळ गेलं, तर त्याच्या तारणाची आशा धरायला भक्कम आधार आहे, असं 2007 मध्ये व्हॅटिकनच्या आंतरराष्ट्रीय धर्मशास्त्र आयोगाने स्पष्ट लिहिलं आहे. आईवडिलांना हे आवर्जून सांगावं.