महाविद्यालयीन विद्यार्थ्यांनी कॅन्सर जनजागृतीची जनसंपर्क मोहीम कशी राबवावी?

आपण विचारले आहे की, धुळे जिल्ह्यातील तुमच्या महाविद्यालयात पत्रकारितेच्या शेवटच्या वर्षाला जनसंपर्क मोहिमेचा प्रकल्प आहे, बारा जणांच्या गटाने कॅन्सर जनजागृती हा विषय घेतला आहे, हाताशी दोन महिने आणि जेमतेम पैसे आहेत, तर रॅली, पोस्टर स्पर्धा आणि पथनाट्य यांपैकी काय निवडावे. जळगाव जिल्ह्यात शिकत असताना मी हाच प्रकल्प केला होता आणि तो आधी चांगलाच फसला होता, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

माझ्या मते या तिन्हींची निवड नंतर करावी. तुमचे म्हणणे ऐकून एखादा माणूस खरोखरच हलला, तर तो कोणत्या दारात, कोणत्या वारी, किती वाजता जाईल आणि तिथे त्याला कोण तपासेल, हे आधी ठरवावे.

आम्ही ते ठरवले नव्हते. ४ फेब्रुवारीला, म्हणजे जागतिक कर्करोग दिनी, आम्ही गुलाबी फिती लावून गावातून रॅली काढली. सर्वांत पुढे फलक धरून चालणाऱ्या आमच्या मित्राच्या गालात त्या वेळीही सुपारी होती आणि ते आम्हा सर्वांना ठाऊक होते. दोन दैनिकांत छायाचित्रासह बातमी आली, कात्रणे फाइलला लागली. मात्र रॅली बसस्थानकाजवळ विसर्जित होताना केळीच्या गाड्या भरणाऱ्या एका हमालकाकांनी मला बाजूला घेतले, बोटाने गाल ओढून आतला पांढरा चट्टा दाखवला आणि विचारले, ‘‘आता हे कुठे दाखवू?’’ मी घाईघाईने एका दवाखान्याचे नाव सांगितले. ते एका दिवसाची मजुरी बुडवून तिथे गेले, तेव्हा दातांचे डॉक्टर त्या दिवशी येतच नाहीत असे त्यांना कळले. पुन्हा ते गेले नाहीत. ही गोष्ट आम्हाला महिन्याभराने टपरीवाल्याकडून समजली.

जनसंपर्काच्या अभ्यासक्रमात जॉन मार्स्टन यांनी १९६३ मध्ये मांडलेले संशोधन, कृती, संवाद आणि मूल्यमापन हे चार टप्पे तुम्हीही वाचले असतील. आम्ही थेट तिसऱ्या टप्प्यावर उडी मारली होती आणि चौथ्याच्या जागी कात्रणे चिकटवली होती.

दुसऱ्या फेरीत आम्ही ‘कॅन्सर’ हा अवाढव्य विषय सोडून फक्त तोंडाचा कॅन्सर आणि फक्त तंबाखू खाणारी माणसे एवढेच धरले. भारतीय पुरुषांमध्ये हाच कॅन्सर सर्वाधिक आढळतो. शिवाय तिरुवनंतपुरम जिल्ह्यात १९९६ मध्ये सुरू झालेल्या मोठ्या अभ्यासात प्रशिक्षित आरोग्य कर्मचाऱ्यांनी घरोघरी जाऊन लोकांचे तोंड नुसत्या डोळ्यांनी तपासले, तेव्हा तंबाखू किंवा दारूचे सेवन करणाऱ्यांमध्ये तोंडाच्या कॅन्सरने होणारे मृत्यू ३४ टक्क्यांनी कमी झाल्याचे २००५ मध्ये प्रसिद्ध झाले. सरसकट सगळ्यांचा हिशेब केला, तर मात्र फरक तितका ठळक नव्हता. गट नेमका निवडण्याला याहून चांगला आधार मला सापडला नाही.

मग आम्ही गावातल्या एका दंतवैद्यांकडून आठवडे बाजाराच्या दिवशी दोन तास मागून घेतले. तंबाखूच्या दुकानांच्या ओळीलाच लागून एक टेबल, दोन खुर्च्या, एक विजेरी आणि हातमोज्यांचा खोका, एवढाच आमचा मंडप होता. येणाऱ्याला आम्ही आधी त्याचीच तीन बोटे उभी धरून तोंडात घालायला सांगत असू. ती जात नसतील, तर जबडा आखडत चालला आहे हे त्याचे त्यालाच कळे. सुपारीचे व्यसन असलेली पंचविशीतली मुले इथे हसत येत आणि दुसऱ्याच बोटाला गप्प होत. तपासणी डॉक्टरच करीत. विद्यार्थ्यांनी चुकूनही निदान सांगायचे नाही, असा आमचा कडक नियम होता.

भाषेकडे विशेष लक्ष द्यावे. आमच्या पहिल्या फलकांवर ‘मुखकर्करोग’ असा शब्द होता आणि तो कोणी वाचलाच नाही. दुसऱ्या वेळी आम्ही अहिराणीत लिहिले, ‘‘तोंडमा पंधरा दिनफाईन जखम शे का? मंग दखाडी ल्या.’’ (तोंडात पंधरा दिवसांपासून जखम आहे का? मग दाखवून घ्या.) त्यात कॅन्सरचे नाव नव्हते, कारण ते नाव ऐकताच माणसे पाठ फिरवतात. अनेक घरांत त्याला आजही ‘तो रोग’ एवढेच म्हणतात. अर्थात अहिराणी सगळीकडे चालेल असे समजू नये. रावेर-यावलकडे लेवा बोली आहे आणि धडगावच्या बाजूला पावरी, तेव्हा मजकूर त्या त्या गावच्या विद्यार्थ्याकडूनच लिहून घ्यावा.

भीतिदायक छायाचित्रांवर पैसे घालवू नयेत, असेही सुचवतो. २०१६ पासून तंबाखूच्या पाकिटाच्या दर्शनी बाजूचा ८५ टक्के भाग चित्रमय इशाऱ्याने व्यापलेला असतो. म्हणजे आपण ज्याला घाबरवू पाहतो, तो माणूस तसले चित्र रोज खिशात घेऊन फिरतो. रुग्णांची छायाचित्रे तर लेखी संमतीशिवाय मुळीच वापरू नयेत, आणि ज्यांच्या तोंडात काही आढळले त्यांची नावे गटाबाहेर जाऊ देऊ नयेत. गावात अशी बातमी पसरली, तर माणूस उपचाराआधी लपायला लागतो.

स्त्रियांसाठी वेगळा गट ठेवावा. मशेरी लावणाऱ्या बायका बाजारातल्या टेबलापाशी तोंड उघडत नाहीत, हे आम्हाला तिसऱ्या बाजाराला उमगले; बचत गटाच्या बैठकीत विद्यार्थिनी आणि आशाताई गेल्या, तेव्हा त्याच बायका मोकळेपणाने बोलल्या. तीस वर्षांवरील व्यक्तींसाठी तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख यांची तपासणी सरकारी आरोग्य कार्यक्रमातच आहे, म्हणून वैद्यकीय अधिकाऱ्यांना आधी भेटून त्यांचे वार विचारून घ्यावेत.

अहवालात लाइक्स, गर्दी आणि कात्रणे यांच्याआधी तीन आकडे लिहावेत: किती जणांनी तोंड दाखवले, किती जणांना पुढे पाठवले आणि त्यांपैकी किती जण प्रत्यक्ष पोहोचले. आमच्या पहिल्या बाजारात अकरा जणांना चिठ्ठी दिली होती आणि पोहोचले तिघे. परीक्षकांना हा आकडा केविलवाणा वाटला, मला मात्र फाइलमधली तेवढीच गोष्ट खरी वाटते. पुढच्या बाजारापासून प्रत्येक चिठ्ठीमागे एक विद्यार्थी नेमला. तो ठरलेल्या दिवशी सकाळी त्या माणसाला बसथांब्यावर भेटे आणि सोबत जाई. त्यानंतर चिठ्ठी घेऊनही न जाणारे फारच थोडे उरले.

सुरुवात मात्र तुमच्याच फाटकापासून करावी. २००३ च्या कायद्यानुसार शैक्षणिक संस्थेपासून १०० यार्डांच्या आत तंबाखूजन्य पदार्थ विकता येत नाहीत. टेप घेऊन एकदा मोजून पाहावे. आणि गटातलाच कोणी खात असेल, तर १८००-११-२३५६ या राष्ट्रीय क्विटलाइनवर, म्हणजे तंबाखू सोडायला मदत करणाऱ्या दूरध्वनी सेवेवर, पहिला फोन त्याने करावा. आमच्या फलकवाल्या मित्राने तो माझ्या शेजारी बसून केला होता, सुपारी थुंकून आल्यावर.