दगडी घर, सिमेंटच्या दरजा आणि ओल

प्रश्न : मुलगी-जावयाने स्कॉटलंडमध्ये पर्थशायरच्या एका खेड्यात वारसा-यादीतलं, ‘सी’ वर्गाचं दगडी कॉटेज घेतलं आहे. दगडांमधल्या दरजा (सांधे) सिमेंटने भरलेल्या आहेत आणि बेडरूमची भिंत कमरेपर्यंत ओली राहते. ठेकेदार म्हणतो, भिंतीला भोकं पाडून ओलरोधक रसायन भरू, आतून सिमेंटचं प्लास्टर करू. ‘सी’ सगळ्यात खालचा वर्ग, परवानगी लागत नाही. करावं का?

उत्तर : नको. आधी भर पावसात घराभोवती एक फेरी मारायला सांगा. बिडाची पन्हळ तुंबून पाणी भिंतीवर सांडतंय का? अंगणाची माती वर्षानुवर्षं चढत जाते; ती आतल्या फरशीपेक्षा निदान १५० मिमी खाली हवी. पुष्कळदा दुखणं एवढंच निघतं.

मग दरजा. या भिंती साधारण ६०० मिमी जाड, दोन्ही अंगांना अनघड दगड आणि मधे चुना-कपच्यांचा भराव. भराव पोकळ, त्यामुळे रसायनाचा सलग थर बसतच नाही. आत मुरलेलं पाणी चुन्याच्या दरजांतून वाळतं. दरजा सिमेंटने लिंपल्या की ते कोंडतं, थंडीत गोठतं आणि वालुकाश्म असेल तर पापुद्रे सुटतात. दरज शाबूत, दगड मात्र झिजून आत गेलेला दिसला, की समजा दोष सिमेंटचा.

सिमेंट हातोडी-छिन्नीनेच काढायचं. ग्राइंडर दगडाच्या कडा खातो. खोली दरजेच्या रुंदीच्या दुप्पट, किमान २५ मिमी. धूळ धुऊन दरज ओलसर ठेवायची आणि एक भाग एनएचएल ३.५ चुना (पाण्याच्या संयोगाने आवळणारा नैसर्गिक चुना; ३.५ ही त्याची ताकदीची प्रत), अडीच भाग खरखरीत वाळू असा माल दाबून भरायचा. रुंद फटीत दगडाच्या कपच्या बसवायच्या, नुसता माल भरला तर तो तडकतो. अंगठ्याचा ठसा उमटेनासा झाला की ताठ ब्रशने ठोकायचं आणि आठवडाभर ओलं गोणपाट टांगायचं. तापमान ५ अंशांखाली जाणार असेल तर काम काढूच नका. चुना आवळण्याआधी गोठला की भुगा होतो. भिंत वाळायला वर्ष तरी जातं; तोवर आतून रंग नको.

परवानगीबद्दल ठेकेदार साफ चुकतोय. ए, बी, सी हे वर्ग इमारतीच्या महत्त्वानुसार पाडलेले आहेत. कायद्याचं संरक्षण तिघांना सारखंच, आणि नोंदीत स्पष्ट वगळलं नसेल तर घराच्या आतल्या भागालाही. घराचं स्वरूप बदलणारं काम विनापरवानगी करणं फौजदारी गुन्हा आहे. जसंच्या तसं दुरुस्त करायला सहसा परवानगी लागत नाही, पण इथे सिमेंटच्या जागी चुना येणार, तेव्हा कौन्सिलच्या नियोजन विभागाकडून लेखी उत्तर घ्यावं. खिडक्या आधीच्या मालकाने बदललेल्या दिसल्या तर त्याची मंजुरीही शोधा. ती नसेल तर नोटीस आजच्या मालकाच्या नावाने येऊ शकते.