‘चालू’च्या रकान्यात तीनच लोहचुंबकं

प्रश्न थोडक्यात असा: गुहागर तालुक्यात कौलारू घर, हापूसची बाग, पाहुण्यांसाठी दोन खोल्या, भाऊ मुंबईला. ‘करायचंय, चालू, झालं’ असे तीन रकाने करून फळा लावला. दोन महिन्यांत ‘चालू’मध्ये १८ चिठ्ठ्या जमल्या, ‘झालं’ जवळपास रिकामं, आणि पाऊस लागल्यावर निम्म्या चिठ्ठ्या जमिनीवर. तर आता अ‍ॅप घ्यावं का?

अ‍ॅप घेतलंत तर तीच १८ कामं मोबाइलमध्ये तुंबतील. चिठ्ठ्या गळतात हा किरकोळ भाग, त्याचं खाली लिहिलंय. आधी तुंबण्याचं बघू.

आठवड्याला तुमच्याकडून तीन कामं हातावेगळी होतात आणि १८ सुरू आहेत असं धरा. एक काम सुरू झाल्यापासून संपेपर्यंत सरासरी १८ भागिले ३, म्हणजे ६ आठवडे लागणार. तेच एका वेळी ६ सुरू ठेवलीत तर २ आठवडे. हात तेवढेच, वेगही तेवढाच. रांगांच्या गणितातला हा नियम जॉन लिटल यांनी १९६१ साली सिद्ध केला, आणि घरच्या कामांनाही तो लागू पडतो. प्रत्यक्षात फरक याहून जास्त पडतो, कारण अर्धवट सोडलेलं काम पुन्हा हातात घेताना पक्कड कुठे ठेवली आणि दुकानदाराला काय सांगितलं होतं इथपासून सुरुवात करावी लागते.

फळ्याची ही पद्धत टोयोटाच्या कारखान्यातून आली. तिथले अभियंते ताइची ओनो यांच्या व्यवस्थेत कार्ड म्हणजे परवानगी असायची: पुढच्या टप्प्यावर भाग वापरला गेला की कार्ड मागे यायचं, आणि ते आल्याशिवाय मागचा माणूस नवा भाग करायला घेत नसे. आपल्याकडच्या फळ्यांवर रकाने येतात, ही परवानगी येत नाही. दाभोळ-धोपावे फेरीबोटीवर जागा भरली की पुढची गाडी धक्क्यावरच थांबते ना, तसं ‘चालू’चं हवं.

‘तीनच ठेवायची’ असं मनाशी ठरवून ते होत नाही. त्याला वस्तूचा अडसर लागतो. म्हणून लोखंडी कपाटाचं दार हाच फळा करा आणि ‘चालू’साठी तीनच लाल लोहचुंबकं घ्या. बाकीच्या रकान्यांत काळी. लाल चुंबक मोकळं नसेल तर नवं काम सुरू होत नाही. घरातल्या दुसऱ्या माणसाला दोन निळी द्या. चौथं लाल चुंबक बाजारातून आणलंत की फळा संपला असं समजा.

रकाने पाच करा: ‘कधीतरी’, ‘या आठवड्यात’, ‘चालू’, ‘अडकलंय’, ‘झालं’. तुमच्या १८ पैकी निम्मी कामं बहुधा चालू नसतील, दुसऱ्या कुणाच्या तरी हातात अडकलेली असतील. उदाहरणार्थ सातबाऱ्यावरचा वारस फेरफार. तलाठ्याकडे (आता ग्राम महसूल अधिकारी) अर्ज दिला, नोटीस निघाली की हरकतीसाठी १५ दिवस. मंडळ अधिकारी त्यानंतरच नोंद मंजूर करणार. त्या १५ दिवसांत तुम्ही करायचं काहीच नाही, तरी चिठ्ठी ‘चालू’मध्ये जागा अडवून बसते. ती ‘अडकलंय’मध्ये सरकवा आणि तीन गोष्टी लिहा: कुणाकडे, कधीपासून, पुढची विचारणा कधी. ‘फेरफार, तलाठी, नोटीस ३ एप्रिल, विचारणा २० एप्रिल.’ तारखेशिवाय या रकान्यात कार्ड लावू नका, नाहीतर तो अडगळीचा माळा होतो.

आता कार्डावर काय लिहायचं. ‘कौलं’ एवढंच लिहिलं तर ते काम कधीच संपणार नाही, कारण ते एक काम नाहीच. त्याची फोड अशी होते. ‘मोडकी कौलं मोजणे’: दुपारी माळ्यावर चढून आतून बघायचं, उजेडाची फट दिसते तिथे खडूने खूण. ‘रीपा आणि वासे वाळवीसाठी तपासणे’: स्क्रू-ड्रायव्हर टोचून, सहज आत गेला तर तो वासा बदलायचा. ‘कौलं आणणे’: मोजून आलेल्या संख्येवर दहा टक्के जादा, कारण चढवताना फुटतातच. इथे एक नेहमीची चूक होते. मंगळुरी कौलांचे साचे सगळीकडे सारखे नसतात, आणि खाचा जुळल्या नाहीत तर पाणी आत येतं. म्हणून कार्डावरच लिहा: ‘जुनं कौल नमुन्याला नेणे.’ शेवटचं, ‘सुताराची तारीख ठरवणे’. चार कार्डं झाली, त्यातलं प्रत्येक अर्ध्या ते दोन दिवसांत संपतं. शब्द ‘-णे’ने संपला पाहिजे, आणि झालं की नाही हे घरातल्या दुसऱ्या कुणालाही बघून सांगता आलं पाहिजे. ‘बागेकडे लक्ष देणे’ हे त्या कसोटीला उतरत नाही.

तारखांबद्दल कडक राहा. ‘या महिन्यात व्हावं’ ही इच्छा झाली, ती कार्डावर नको. खरी मुदत असेल तिथेच उजव्या कोपऱ्यात लाल पेनने तारीख. आगोटीच्या, म्हणजे पावसाआधीच्या तयारीच्या, सगळ्या कामांची मुदत एकच, मृगाच्या आत. पण मे महिन्यात सुतार आणि गवंडी कुणालाच मिळत नाहीत, म्हणून ती कार्डं मार्चमध्येच ‘या आठवड्यात’ला आली पाहिजेत. रेल्वेचं आगाऊ आरक्षण १ नोव्हेंबर २०२४ पासून १२० ऐवजी ६० दिवस आधी उघडतं. चतुर्थीसाठी भाऊ १२ सप्टेंबरला मुंबईहून निघणार असेल तर कार्डावर १४ जुलै, सकाळी ८ असं हवं. आणि रोजची कामं, म्हणजे रोपांना पाणी, खोल्यांची झाडलोट, फळ्यावर आणूच नका. फवारणीच्या तारखा भिंतीवरच्या कॅलेंडरवर.

रविवारी वीस मिनिटं द्या. उजवीकडून डावीकडे यायचं: ‘झालं’ उतरवा, ‘अडकलंय’मधले फोन लावा, ‘चालू’तल्या तिघांचं काय अडतंय ते बघा, आणि मगच डावीकडून नवं ओढा. डावीकडून सुरुवात केली की उत्साहात नवीच कामं निघतात.

आता सामान. चिकटचिठ्ठीचा गोंद मुद्दाम हलका केलेला असतो, सुटून यावा म्हणून. चुन्याच्या किंवा ओल धरलेल्या भिंतीवर भुकटी आणि दमटपणा दोन्ही, तिथे ती जूनपासून टिकणारच नाही. जाड कार्डशीट ३ गुणिले ३ इंच कापा. लिहायला बॉलपेन किंवा पेन्सिल. जेल पेनची शाई दमट हवेत पसरते. चुंबकं प्लॅस्टिकच्या टोपीची साधी काळ्या फेराइटची घ्या. चकचकीत छोटी निओडिमियमची जोरदार असतात, पण मुलामा उडाला की खाऱ्या हवेत गंजतात आणि दारावर डाग पाडतात. काचेच्या दाराच्या फ्रिजवर चुंबक धरत नाही, आणि बऱ्याचशा स्टेनलेस स्टीलवरही नाही, तेव्हा आधी लावून बघा. रकान्यांच्या रेघांना इन्सुलेशन टेप नको, उन्हाळ्यात गोंद पाघळतो. मार्करने रेघ मारा, नको झाली की स्पिरिटने निघते.

अ‍ॅपचा उपयोग एकाच ठिकाणी आहे: भावाला मुंबईतून काही करायचं असेल तर. ट्रेलो २०११ पासून आहे, फुकटात भागतं. फक्त तिथे चौथं कार्ड टाकायला कुणी अडवत नाही, म्हणून यादीचं नावच ‘चालू (३)’ ठेवा. नाहीतर रविवारी कपाटाचा फोटो घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकला तरी पुरतं, आणि वीज गेली म्हणून दार बंद पडत नाही.

‘झालं’मधली कार्डं फेकू नका, निदान आगोटीची तरी. मागच्या बाजूला किती कौलं लागली, सुताराचे किती दिवस गेले, मजुरी किती दिली एवढं लिहून बिस्किटांच्या डब्यात टाका. फेब्रुवारीच्या शेवटच्या रविवारी डबा उघडून तीच कार्डं पुन्हा ‘कधीतरी’त लावा.