‘कॉस्मिक’ कथेला मराठीत काय म्हणावं?

ठाण्याच्या घोडबंदर रोडवरच्या एका सोसायटीतून प्रश्न आलाय. तिथली कॉलेजची मुलंमुली गणेशोत्सवात सुपरहिरोंच्या सिनेमांवर मराठीतून गप्पांचा कार्यक्रम करणार आहेत. विषय असा, की मार्व्हल आणि डीसीच्या कॉमिक्समधल्या ‘कॉस्मिक’ कथांपैकी, म्हणजे ग्रहतारे आणि सगळी सृष्टी पणाला लागते अशा कथांपैकी, कोणत्या पडद्यावर याव्यात आणि कशा याव्यात. फलकावर त्यांनी आधी ‘वैश्विक कथा’ लिहिलं. एका काकांनी विचारलं, “म्हणजे जगभरातल्या कथा का?” मग ‘ब्रह्मांडीय कथा’ लिहून पाहिलं, तर ते त्यांच्यातल्याच एकीला हिंदी वाटलं. आणि ठाण्यात नुसतं ‘ब्रह्मांड’ म्हटलं की लोकांना आझादनगरजवळची वसाहत आठवते. मग बरोबर शब्द कोणता, की सरळ ‘कॉस्मिक’च ठेवावं?

उत्तर आधी देतो: ‘ब्रह्मांडकथा’ लिहा. ‘कॉस्मिक’ लिहिलंत तरी कुणी अडवणार नाही, तो शब्द तुमच्या बोलण्यात रुळलेला आहे. पण या कथांमध्ये जे घडतं त्याच्याशी ‘ब्रह्मांड’ शब्दाचं जुनं नातं आहे. ते नातं उलगडलं तर कोणती कथा कशी यावी, या तुमच्या वादातही त्याचा उपयोग होईल.

आधी काकांचं पाहू. त्यांचं काही चुकलेलं नाही. ‘ग्लोबल’साठी मराठीचा स्वतःचा शब्द ‘जागतिक’: जागतिक बँक, जागतिक महायुद्ध. हिंदीत त्याच जागी ‘वैश्विक’ चालतो आणि बातम्यांच्या भाषांतरातून तो गेल्या काही वर्षांत मराठीतही त्या अर्थाने शिरलाय. शिवाय ‘सर्वांना लागू होणारं’ असाही त्याचा एक अर्थ आहे, ‘वैश्विक मूल्यं’ म्हणतो तेव्हाचा. दिव्यांगांना मिळणाऱ्या कार्डालाही ‘वैश्विक ओळखपत्र’ म्हणतात. इतक्या ठिकाणी कामाला लागलेल्या शब्दाला ग्रह गिळणाऱ्या गॅलॅक्टसची गोष्ट सांगायला लावलं, तर वाचणाऱ्याच्या मनात काहीच हलत नाही.

‘विश्व’ या मूळ शब्दाचाच अर्थ संस्कृतात ‘सर्व’ असा आहे. वेदांतले ‘विश्वे देवाः’ म्हणजे सगळे देव. ज्ञानेश्वरांनी पसायदानात देवाला ‘विश्वात्मक’ म्हटलं, त्यात हीच सर्वव्यापी भावना आहे. पुढे मराठीत हा शब्द घरगुती झाला. बालविश्व, भावविश्व, क्रीडाविश्व, नाट्यविश्व. एका मुलाचं किंवा एका क्षेत्राचंही विश्व असू शकतं. म्हणून सिनेमांच्या मालिकेला ‘मार्व्हलचं विश्व’ म्हणणं मला अगदी योग्य वाटतं. तिथे पात्रं, त्यांची नाती, त्यांचे नियम मिळून एक जग तयार झालंय, एवढंच सांगायचं असतं. ‘कॉस्मिक’ मात्र त्या जगातल्या एका विशिष्ट जातीच्या गोष्टींना म्हणतात, आणि तिथे ‘विश्व’ अपुरा पडतो.

‘ब्रह्मांड’ म्हणजे ब्रह्म अधिक अंड. सगळी सृष्टी ज्याच्या पोटात आहे असं अंडं. अंड्याला कवच असतं, म्हणजे सीमा असते. सीमा आहे म्हणून ते मोजता येतं, आणि मोजता येतं म्हणून एकाहून अधिक असू शकतं. स्वामी समर्थांच्या किंवा साईबाबांच्या जयघोषातलं ‘अनंतकोटी ब्रह्मांडनायक’ आठवा. मल्टिव्हर्स, म्हणजे आपल्यासारखी अनेक विश्वं असण्याची कल्पना, समजावून सांगताना इतरांना जी धाप लागते ती मराठी आजीला लागणार नाही. एकाहून अधिक ब्रह्मांडं आहेत हे ती रोज म्हणतेच. मल्टिव्हर्ससाठी ‘बहुविश्व’ असा शब्द काही जण वापरतात. तो चुकीचा नाही. पण जे मुळात ‘सर्व’ आहे त्याचं ‘बहु’ करताना जीभ जरा अडखळते. ‘अनेक ब्रह्मांडं’ म्हणताना ती अडखळत नाही.

आता तुमच्या मांडवातच या. आरत्यांमध्ये शंकराची आरती होते: ‘लवथवती विक्राळा ब्रह्मांडी माळा’. रामदासांच्या या ओळीत ‘ब्रह्मांडी’ म्हणजे ‘ब्रह्मांडात’ की ‘ब्रह्मांडांची’, यावर वेगवेगळी मतं ऐकली आहेत. मला ‘ब्रह्मांडांची माळ’ हा अर्थ भावतो, कारण त्याने डोळ्यांपुढे जे उभं राहतं ते कुठल्याही कॉमिकच्या दुहेरी पानाला पुरून उरेल. रामदासांच्याच भीमरूपी स्तोत्रात मारुती ‘अणूपासोनि ब्रह्मांडा एवढा होत जातसे’. पुढे म्हटलंय की त्याच्याशी तुलना करायला गेलं तर मेरू आणि मंदार पर्वतही धाकटे. मारुतीचं भव्यपण इथे वाढतं आहे, ‘होत जातसे’. अणूपासून सुरुवात आहे म्हणून ब्रह्मांडाएवढं होणं डोळ्यांना दिसतं. कॅमेऱ्याला याहून चांगली सूचना कोण देणार?

आणि सगळ्यात महत्त्वाचा तो वाक्प्रचार, ‘ब्रह्मांड आठवणे’. भयंकर संकटात माणसाची गाळण उडते तेव्हा आपण म्हणतो, ‘त्याला ब्रह्मांड आठवलं’. इतका मोठा शब्द मराठीने भीतीसाठी का निवडला असेल? मला वाटतं, आपल्या परंपरेत ब्रह्मांड दिसतं तेव्हा ते पाहणारं एक माणूस समोर असतं आणि ते थरथरतं. यशोदा माती खाल्लेल्या कृष्णाचं तोंड उघडून पाहते, आत सगळं ब्रह्मांड दिसतं आणि ती घाबरते. अर्जुन विश्वरूप पाहतो आणि ‘पुन्हा पूर्वीचं रूप दाखव’ म्हणून विनवतो. ब्रह्मांड एकटं कधी येत नाही. त्यासोबत ते न पेलणारे डोळे येतात.

इथून तुमच्या सिनेमांकडे वळतो, कारण ‘कॉस्मिक’ या एका शब्दाखाली तुम्ही मंडळी दोन वेगळ्या जातीच्या कथा एकत्र करताय असं मला वाटतं. मराठीत त्यांना दोन नावं देता येतात. पहिली अंतराळकथा. ग्रहाग्रहांमधली युद्धं, अंतराळयानं, आरमारं, साम्राज्यं. अ‍ॅव्हेंजर्सच्या कॉमिकमधलं १९७१-७२ चं क्री आणि स्क्रल या दोन परग्रही साम्राज्यांचं युद्ध हे तिचं उदाहरण. २००६ ची ‘अ‍ॅनायहिलेशन’ हे दुसरं, आणि चाहत्यांच्या मागणीत हिचं नाव नेहमी पुढे असतं. त्यात अ‍ॅनायहिलस हा खलनायक निगेटिव्ह झोन नावाच्या दुसऱ्या मितीतून प्रचंड सैन्य घेऊन येतो, झँडार ग्रह आणि त्याचं नोव्हा कोअर हे रक्षकदल नष्ट होतात आणि त्या दलातला रिचर्ड रायडर एकटा उरतो. कथा जबरदस्त आहे, तिच्यावर सिनेमा यायलाच हवा. पण ती अंतराळकथा आहे. तिच्यात गॅलॅक्टससुद्धा पकडला जाऊन शस्त्र म्हणून वापरला जातो, म्हणजे ब्रह्मांडातली शक्ती लष्कराच्या गोदामात जाते. इथे ‘अवकाशकथा’ही चालेल, मात्र ‘अवकाश’ला ‘फुरसत’ आणि ‘वाव’ हेही अर्थ चिकटलेले आहेत, म्हणून मी ‘अंतराळ’ घेतो.

दुसरी ब्रह्मांडकथा. हिच्यात असण्याचाच प्रश्न असतो: सृष्टी उरणार की नाही, आणि ते ठरवण्याचा अधिकार कुणाचा. १९६६ मध्ये स्टॅन ली आणि जॅक कर्बी यांनी फँटास्टिक फोरच्या ४८ ते ५० या अंकांत गॅलॅक्टस आणला. पुढे त्याची पूर्वकथा आली ती अशी, की आपल्या ब्रह्मांडाच्या आधी जे ब्रह्मांड होतं, त्याच्या शेवटातून वाचलेला हा एकटा. मार्कंडेयाची गोष्ट ठाऊक असलेल्या वाचकाला हे लगेच पोचतं: प्रलयातून उरलेला, पण इथे त्याला वटपत्रावरचा बालमुकुंद भेटला नाही, भूक मिळाली. स्टीव्ह डिट्को यांनी १९६५ मध्ये डॉक्टर स्ट्रेंज या जादूगार नायकाच्या कथेत ‘इटर्निटी’, म्हणजे साक्षात सृष्टीचं मूर्तरूप, चितारली. माणसाची बाह्यरेषा आणि तिच्या आत तारे, ग्रह, अंधार. ‘पिंडी ते ब्रह्मांडी’ याचं याहून सरळ चित्र मी पाहिलेलं नाही.

सिनेमे करताना वारंवार काय होतं, तर ब्रह्मांडकथेची अंतराळकथा होते. जिम स्टार्लिन यांच्या १९९१ च्या ‘इन्फिनिटी गॉन्टलेट’मध्ये थॅनोस हा महाखलनायक निम्मी जीवसृष्टी संपवतो ते साक्षात मृत्यूला प्रसन्न करण्यासाठी. मृत्यू तिथे स्त्रीरूपात शेजारी उभी आहे आणि त्याच्याकडे ढुंकून पाहत नाही. पुढे इटर्निटी, गॅलॅक्टस अशा सगळ्या महाशक्ती त्याच्यावर चालून येतात. २०१८ च्या ‘अ‍ॅव्हेंजर्स: इन्फिनिटी वॉर’ या सिनेमात हे सगळं गेलं. तिथे थॅनोस म्हणतो की साधनं मर्यादित आहेत आणि तोंडं फार. तो सिनेमा उत्तम आहे, थॅनोस त्यात खरा वाटतो. पण मृत्यूच्या प्रेमातला थॅनोस अजून आपण पडद्यावर पाहिलेला नाही, आणि ती कथा पुन्हा मागण्याचा चाहत्यांना पूर्ण हक्क आहे. २००७ च्या फँटास्टिक फोरच्या सिनेमात गॅलॅक्टसचा तर ढगच केला होता. २०२५ च्या ‘फँटास्टिक फोर: फर्स्ट स्टेप्स’मध्ये तो देहाने आला, न्यूयॉर्कच्या रस्त्यांवरून चालला. इमारती त्याच्या अंगाखांद्यापाशी आल्या तेव्हा कुठे त्याचं आकारमान कळलं. मेरुमंदार धाकुटे, हेच ते माप.

म्हणून कार्यक्रमात मांडायला एक मुद्दा सुचवतो. एखादी ब्रह्मांडकथा कशी यावी हे ठरवताना विचारा, ब्रह्मांड कुणाला आठवणार आहे? यशोदा कोण? कर्ट ब्युसिक आणि अ‍ॅलेक्स रॉस यांनी १९९४ च्या ‘मार्व्हल्स’मध्ये गॅलॅक्टसचं येणं एका साध्या वृत्तपत्र छायाचित्रकाराच्या नजरेतून सांगितलं. ली-कर्बी यांच्या मूळ कथेत गॅलॅक्टसचा दूत सिल्व्हर सर्फर याचं मन वळतं ते अलिशा या आंधळ्या शिल्पकार तरुणीमुळे. तिला आकाशात उभा राहिलेला गॅलॅक्टस दिसत नाही, तरी त्या सगळ्या प्रसंगात माणसांची बाजू नीट मांडणारी तीच. माझ्या मते इटर्निटी किंवा लिव्हिंग ट्रायब्युनल (सगळ्या ब्रह्मांडांचा न्यायाधीश) यांना घेऊन सिनेमा करायचा तर तो अशाच कुणाच्या तरी डोळ्यांतून किंवा कानांतून व्हावा. सगळीच पात्रं देवांच्या मापाची असतील, तर मोठेपण मोजायला अणू उरत नाही.

‘सीक्रेट वॉर्स’ या नावाचा अ‍ॅव्हेंजर्स सिनेमा जाहीर झालेला असल्याने तुमच्या गप्पांत तो येणारच. जोनाथन हिकमन यांच्या २०१५ च्या कथेत दोन ब्रह्मांडं एकमेकांवर आदळतात आणि टक्कर होते ती दोघांतल्या पृथ्वीपाशी. या टकरींना तिथे ‘इन्कर्शन’ म्हणतात. शब्दकोशात याला ‘घुसखोरी’ किंवा ‘आक्रमण’ सापडेल, ते वापरू नका. कुणी कुणावर चालून येत नाही, म्हणूनच ती गोष्ट करुण आहे. ‘ब्रह्मांडांची टक्कर’ म्हणा. अंडं हा मूळ अर्थ इथे आपोआप कामाला येतो. दोन कवचं एकमेकांवर आपटली तर काय होणार, हे वेगळं सांगावं लागत नाही.

राहिलं ‘ब्रह्मांडीय’. तुमच्या मैत्रिणीचा कान चांगला आहे. ‘ईय’ प्रत्यय मराठीला परका नाही, भारतीय आणि शासकीय आपण रोज म्हणतो. पण जिथे समास करता येतो तिथे मराठी तो आनंदाने करते. फँटास्टिक फोरना १९६१ मध्ये ज्या कॉस्मिक किरणांनी शक्ती दिली, त्यांना आपल्या विज्ञानलेखनात ‘विश्वकिरण’ असा सुटसुटीत शब्द आहे. त्याच चालीवर ब्रह्मांडकथा, ब्रह्मांडशक्ती. इंद्रजाल कॉमिक्सच्या काळात फँटमचा ‘वेताळ’ झाला तेव्हाही कुणीतरी असाच आपल्या जवळचा शब्द शोधला होता, आणि तो इतका बसला की कित्येकांना मूळ नाव नंतर कळलं.

आणि ठाण्यातल्या वसाहतीमुळे गोंधळ होईल ही भीती सोडून द्या. रिक्षावाल्याच्या तोंडी रोज असलेला शब्द म्हणजे जिवंत शब्द. शिवाय त्या वसाहतीचे टप्पेही ‘फेज’नेच ओळखले जातात, जसे मार्व्हलचे सिनेमे. तुम्हाला हे फार आवडेल.

फलक रंगवताना एवढं पाहा: ‘ब्रह्मांड’मध्ये ‘ह’ आधी आणि ‘म’ नंतर. बोलताना ‘म’ आधी येतो, म्हणून ‘ब्रम्हांड’ असं चुकून लिहिलं जातं. ब्राह्मण आणि ब्रह्मपुत्रा या शब्दांतही हाच क्रम आहे. आणि ‘ब्रह्मांडकथा’ हा एक शब्द आहे, मध्ये जागा सोडू नका.