मेणाच्या टाकीतली उष्णता सकाळी मिळत का नाही?

तुम्ही विचारलंत: दिवसा सोलरच्या गरम पाण्याने टाकीतल्या पाइपांमधलं मेण वितळवून उष्णता साठवली, तर ती सकाळी पाण्यात परत का मिळत नाही? तुमची मांडणी अशी: 100 किलो पॅराफिन मेण, वितळणबिंदू 59 अंश, ते भरलेले 100 मिमी व्यासाचे पाइप, सोलरचं पाणी 75 अंश, आणि सकाळी दुसऱ्या-तिसऱ्या बादलीलाच पाणी कोमट. हे दुखणं चांगलंच ओळखीचं आहे. इन्सुलेशन, एअर व्हेंट तुम्ही तपासलं असेलच, ते सोडतो.

साठवलेली 90 टक्के उष्णता परत मिळते, हा विक्रेत्याचा आकडा खोटा नसेलही, पण तो फक्त किती उष्णता परत आली ते सांगतो. किती अंशाला आली ते नाही. बाहेर 27 अंश धरा. 75 अंशाच्या उष्णतेतून तत्त्वतः जास्तीत जास्त 13.8 टक्के काम (यंत्र चालवण्याजोगी ऊर्जा) निघू शकतं, 45 अंशाच्या उष्णतेतून जेमतेम 5.7. म्हणजे थेंबभर उष्णता न गळताही तिची निम्म्याहून जास्त किंमत गेली.

ही घसरण मुख्यतः पाइपच्या मोठ्या व्यासामुळे होते, आणि सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. मेण वितळताना पातळ मेण आत फिरतं, म्हणून दिवसा टाकी बरी भरते. उष्णता काढताना मात्र घट्ट मेणाचा थर आधी पाइपच्या भिंतीलाच धरतो, आणि त्याची उष्णता-वाहकता असते 0.2 वॉट प्रति मीटर-केल्विनच्या आसपास, म्हणजे फारच कमी. निम्मं मेण गोठल्यावर, पाणी 45 अंशाला धरून, तुमच्या पाइपांतून सगळे मिळून साधारण 0.8 किलोवॉट निघतील. तेवढंच मेण 40 मिमीच्या पाइपांत भरलं तर 5 किलोवॉट. तासाभरात 100 लिटर पाणी 25 वरून 45 वर न्यायला 2.3 किलोवॉट लागतात, म्हणजे गणित तिथेच फसतं. (पाण्याच्या बाजूचा अडथळा धरलेला नाही, प्रत्यक्षात दोन्ही आकडे कमीच येतील.)

तपासणीच्या कागदावर विसंबू नका. एका प्रयोगशाळेने, नाव घेत नाही, काही मिलिग्रॅम नमुन्यावरून सुप्त उष्णता (मेण वितळताना शोषतं ती उष्णता) छापून दिली आणि पाइपच्या व्यासाचं विचारलं तर "आमच्या कक्षेत नाही" म्हणून फाइल बंद केली. संताप येतो, कारण लोक तोच कागद बघून पैसे ओततात.

दुसरं, माझं ठाम मत: 59 अंशांचा वितळणबिंदू तुम्हाला जास्तच आहे. योग्य वितळणबिंदूच्या अंदाजासाठी उष्णता भरतानाचं तापमान आणि बाहेरचं तापमान केल्विनमध्ये (अंश सेल्सिअस अधिक 273) घेऊन गुणाकाराचं वर्गमूळ काढा: 348 गुणिले 300, म्हणजे सुमारे 323 केल्विन, 50 अंश. सूत्र ढोबळ आहे, फक्त उष्णता भरण्यापुरतं. पण 50-52 चं मेण घेतलं तर ढगाळ दिवशीही ते पूर्ण वितळण्याची शक्यता जास्त. मात्र 45 अंशाचं पाणी हवं असेल तर मेण आणि पाण्याच्या तापमानातला फरक कमी उरतो, तेव्हा बारीक पाइपांना पर्याय नाही.

आणि टाकी रोज 30 ते 75 अंश अशी फिरणार असेल तर साधं पाणीच ठेवा. तेवढ्या पट्ट्यात मेण लिटरमागे पाण्याच्या जेमतेम सव्वापट उष्णता धरतं. मेण परवडतं ते वितळणबिंदूच्या आसपासच्या अरुंद पट्ट्यात.

पाइप बदलताना मेण वितळवून, 75-80 अंशाला असतानाच भरा आणि वर थोडी जागा सोडा. घट्ट तुकडे काठोकाठ भरले तर वितळताना 10-15 टक्के फुगून वेल्ड उकलतं. वितळवायला उघडी आच नको, गरम पाण्यातच ठेवा.