युद्धकाळातले पेपरांचे मथळे आज वाचले की हसू का येतं?

मला विचाराल तर मथळा आणि बातमी यांची फारकत झाल्यामुळे. सगळ्यात ठसठशीत उदाहरण १९७१ चं. १६ डिसेंबरला ढाक्यात पाकिस्तानी सैन्याच्या शरणागतीवर सह्या झाल्या, सुमारे ९३ हजार जण युद्धकैदी झाले. आणि दुसऱ्या दिवशी कराचीच्या 'डॉन'चा मुख्य मथळा काय? 'विजय मिळेपर्यंत युद्ध'! पूर्वेकडची लढाई स्थानिक सेनापतींच्या आपसातल्या व्यवस्थेनुसार थांबली, एवढंच छोट्या अक्षरांत. याह्याखानांच्या लष्करी राजवटीत पेपरांवर सेन्सॉर होता, संपादक तरी काय करणार? पण वाचणाऱ्याचं काय झालं असेल, विचार करा.

आपल्याकडचे मथळे वेगळ्या कारणाने मजेशीर वाटतात. भुसावळला आमच्या आजोबांच्या लोखंडी ट्रंकेच्या तळाशी त्याच महिन्यातला एक मराठी पेपर अंथरलेला आहे. डांबराच्या गोळ्यांचा वास, घडीवर फाटलेला, पिवळाधमक. अर्धं पान व्यापणारा मथळा, त्यात 'दाणादाण' हा शब्द माझ्या अंगठ्याएवढ्या अक्षरात, आणि त्याला अगदी खेटून दंतमंजनाची जाहिरात, त्यातला माणूस बत्तीशी दाखवत हसतोय. आजी अजून ते पान काढलं की विचारते, "काय व्हयनं?" आणि त्या माणसाकडे बघून खुदकन हसते.

दाणादाण, धुव्वा, कंठस्नान, आगेकूच... हे शब्द आता क्रिकेटच्या पानावर राहायला गेलेत. म्हणून जुना मथळा वाचताना डोळे आपोआप धावफलक शोधतात.