स्टिफ पर्सन सिंड्रोममध्ये आयव्हीआयजी घेऊन रोजच्या जगण्यात फरक पडतो का?

पडतो, पण आजार मुळापासून जात नाही. यात स्नायू अचानक ताठ होऊन बसतात, अन् आयव्हीआयजी म्हणजे दात्यांच्या रक्तातून काढलेल्या अँटिबॉडी शिरेतून देणं. आमच्या मावशीला हेच आहे, जळगावला निदान होईपर्यंत दोन वर्षं मणक्याचं दुखणं समजून नुसता शेक अन् मालिश, अन् इकडे ट्रॅक्टरचा हॉर्न वाजला की पाय लाकडासारखे ताठ, बाई आहे तिथेच आडवी. बहुतेकांमध्ये शरीर गाबा बनवणाऱ्या जीएडी एन्झाइमविरुद्ध अँटिबॉडी बनवतं, मग गाबा हे स्नायू सैल करणारं मेंदूतलं रसायन कमी पडतं. 2001 साली 16 पेशंटवरची आयव्हीआयजीची ट्रायल छापून आली, त्यात महिन्याला वजनाच्या किलोमागे 2 ग्रॅम डोस होता, ताठपणा अन् पडणं दोन्ही कमी झालं. खर्च मात्र कंबर मोडतो. मावशी आता उभी राहून कळण्याची भाकरी थापते, फक्त पुढचा डोस जवळ आला की पाय परत जड. डायझेपाम ही स्नायू सैल करणारी गोळी चालूच आहे. आयव्हीआयजी घेण्याआधी किडनीचे रिपोर्ट करून घ्या.